३४ टक्क्यांच्या पॅनेलसाठी थांबावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर स्लॅबचं घर. महिन्याला साधारण तीनशे युनिट जळतात, बिल तीन हजारांच्या आसपास येतं. तीन किलोवॅटची सोलर बसवायची म्हणून कोटेशनंही आणून ठेवली आहेत. पण एम.एस्सी. भौतिकशास्त्राला असलेला मुलगा म्हणतोय, ‘बाबा, थांबा. पेरोव्हस्काइटचे ३४ टक्क्यांचे पॅनेल येतायत. हे २२ टक्केवाले दोन वर्षांत भंगारात जातील.’ शिवाय त्या नव्या पॅनेलमध्ये शिसं असतं असं कुठेतरी वाचलं, त्याची धाकधूक वेगळीच. तर थांबावं की बसवावं?

पेरोव्हस्काइट म्हणजे सूर्यप्रकाश शोषून वीज देणारा नवा पदार्थ, आणि सेल म्हणजे पॅनेलमधला वीज बनवणारा एकेक तुकडा. आधी काही वर्षं मी पेरोव्हस्काइट सेल बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो. आता लोकांच्या गच्च्यांवर आणि माळरानावरच्या प्रकल्पांत बसलेले पॅनेल तपासतो. त्यामुळे तुमच्या मुलाचा उत्साह मला आतून माहीत आहे आणि तुमची गच्चीही. उत्तर सांगून टाकतो: बसवा. कोणत्या परिस्थितीत थांबणं बरोबर ठरेल तेही पुढे येईल. पण नुसतं ‘बसवा’ म्हणून भागणार नाही. विक्रमांच्या बातम्या येतच राहणार आणि दर वेळी तुमच्या घरी हाच वाद नव्याने पेटणार.

पहिली गोष्ट कार्यक्षमतेच्या टक्क्यांची, म्हणजे पॅनेलवर पडलेल्या उन्हातली किती टक्के ऊर्जा विजेत उतरते त्याची. बहुतेकांना वाटतं, २२ च्या जागी ३४ टक्के म्हणजे दीडपट वीज. तसं नाही. तुम्ही पॅनेल किलोवॅटवर विकत घेता. तीन किलोवॅटचे २२ टक्केवाले पॅनेल आणि तीन किलोवॅटचे ३४ टक्केवाले पॅनेल वर्षाला जवळपास सारखीच युनिटं देतील. फरक पडतो तो जागेत. २२ टक्क्यांनी तीन किलोवॅटला सुमारे दीडशे चौरस फूट काच लागते, ३४ टक्क्यांनी पंचाण्णवच्या आसपास. म्हणजे तुमचा मुलगा तुम्हाला गच्चीवरची पन्नासेक चौरस फूट जागा वाचवण्यासाठी थांबायला सांगतोय. मुंबईत इमारतीच्या सामायिक गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमधून वाट काढत पॅनेल बसवणाऱ्याला त्या जागेची किंमत आहे. तुमच्या स्लॅबवर पापड-सांडगे वाळत घालूनही जागा उरत असेल. त्यामुळे तुमच्यापुरता खरा प्रश्न टक्क्यांचा नाहीच. तो असा आहे: नव्या पॅनेलने प्रति किलोवॅट खर्च पुढच्या तीन-चार वर्षांत इतका उतरेल का, की तोवर भरलेली बिलं वसूल होतील?

त्याचा हिशेब करू, पण आधी संशोधनाबद्दल बोलू. मुलगा जे वाचतोय ते खोटं नाही, आणि त्याला उडवून लावणं अन्यायाचं होईल.

२००९ साली जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा पहिला सेल प्रसिद्ध केला. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि आत द्रव इलेक्ट्रोलाइट असल्यामुळे पदार्थ काही मिनिटांतच विरघळून जायचा. २०१२ मध्ये कोरियात नाम-ग्यू पार्क आणि ऑक्सफर्डला हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रव काढून घन थर घातला आणि आकडा दहा टक्क्यांच्या घरात गेला. आज एकट्या पेरोव्हस्काइटचे सेल २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सेल बेल लॅब्जमध्ये १९५४ ला झाला, सहा टक्क्यांचा. त्याला प्रयोगशाळेत २५ टक्क्यांजवळ पोचायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. हे अंतर पेरोव्हस्काइटने दहा-बारा वर्षांत कापलं. आमच्या क्षेत्रात एवढी झेप दुसऱ्या कुठल्या पदार्थाने घेतलेली नाही.

बनवायलाही तो सोपा. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवून त्याचा स्फटिक ओढायचा, मग त्याच्या चकत्या कापायच्या. पेरोव्हस्काइटचं द्रावण काचेवर पसरून शंभर-दीडशे अंशांवर तापवलं की थर तयार. तोही अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा.

३४ टक्के हा आकडा मात्र एकट्या पेरोव्हस्काइटचा नाही, टँडमचा आहे. खाली सिलिकॉन, वर पेरोव्हस्काइट. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने हिशेब केला आणि सिलिकॉनमधले स्वतःचे तोटेही धरले, तर एकट्या सिलिकॉनची कमाल मर्यादा २९.४ टक्क्यांच्या आसपास येते. निळ्या-हिरव्या प्रकाशाची बरीच ऊर्जा सिलिकॉन उष्णतेत घालवतो. वर पेरोव्हस्काइट ठेवला की तो हा प्रकाश जास्त व्होल्टेजला वापरतो आणि तांबडा-अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनला सोडतो. सिलिकॉनचं उत्पादन आता त्याच्या मर्यादेच्या इतकं जवळ आलंय की पुढे जायचं तर असा दुसरा थर चढवण्यावाचून फारशी वाट नाही. म्हणून सगळं जग टँडमच्या मागे आहे. चीनच्या लाँजी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३३.९ टक्के गाठले, जून २०२४ मध्ये ३४.६, एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५. आयआयटी मुंबईत दिनेश काबरा यांच्या गटाने दोन्ही सेलना वेगवेगळ्या तारा जोडून, म्हणजे चार टोकांचा टँडम करून, सुमारे ३० टक्के मिळवलेत. म्हणजे हे काम परदेशातच चाललंय असंही नाही.

आता या आकड्यांचा गच्चीपर्यंतचा प्रवास.

लाँजीचे ते विक्रम एक चौरस सेंटिमीटरच्या सेलवरचे आहेत. करंगळीच्या नखाएवढा. तुमच्या गच्चीवर येणारा एक पॅनेल अडीच चौरस मीटरचा असतो, म्हणजे पंचवीस हजार पट मोठा. प्रयोगशाळेत आम्ही काचेचा तुकडा गरगर फिरवत त्यावर द्रावणाचा थेंब टाकायचो. बरंचसं द्रावण उडून बाहेर जायचं, पण मधे आरशासारखा थर बसायचा. फिरत असतानाच दुसऱ्या एका द्रावकाचे थेंब ठराविक क्षणी टाकावे लागतात. तो क्षण चुकला की थर पांढरट पडतो. हे सगळं नायट्रोजन भरलेल्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून. एकाच कृतीने दोन विद्यार्थ्यांचे सेल वेगळे निघतात, कारण एकाचा हात बसलेला असतो आणि दुसऱ्याचा नसतो. शोधनिबंधाच्या, म्हणजे आमच्या भाषेत पेपरच्या, मथळ्यात येतो तो त्या घाण्यातला सर्वात चांगला सेल. यात लबाडी नाही, ती रीतच आहे, आणि बाकीच्या सेलांचा विखुरलेपणा चांगल्या पेपरात आत दिलेला असतो. पण अडीच चौरस मीटर काच गरगर फिरवता येत नाही. तिथे द्रावण वेगळ्या तऱ्हेने पसरावं लागतं किंवा निर्वातात वाफेने बसवावं लागतं. एवढ्या पृष्ठभागावर कुठेही टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं की वीज तिथून गळते.

म्हणून आकार वाढला की टक्के उतरतात. लाँजीनेच २०२५ मध्ये सुमारे २६० चौरस सेंटिमीटरच्या सेलवर ३३ टक्के जाहीर केले, आणि माझ्या मते ती एक सेंटिमीटरच्या विक्रमापेक्षा मोठी बातमी होती, जरी गाजली कमी. पॅनेलच्या आकाराला ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जून २०२४ मध्ये सुमारे १.६ चौरस मीटरवर २६.९ टक्के दाखवले. आणि त्याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जे टँडम पॅनेल पहिल्यांदा गिऱ्हाइकाला, अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पासाठी, प्रत्यक्ष पाठवले, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. त्याच काळात बाजारातले चांगले सिलिकॉन पॅनेल २२-२३ टक्क्यांचे होते. तर ३४ विरुद्ध २२ ही तुलना मुळात सेल विरुद्ध पॅनेल अशी आहे. पॅनेलला पॅनेल लावला तर २४.५ विरुद्ध २२-२३.

मापनाचाही एक मुद्दा, लवकर आटपतो. हे सगळे आकडे २५ अंश तापमान आणि चौरस मीटरला एक हजार वॅट प्रकाश धरून मोजतात. मे महिन्यात तुमच्या गच्चीवर पॅनेल ६५ अंशांना सहज जाईल. सिलिकॉन दर अंशाला साधारण ०.३ टक्के शक्ती गमावतो, म्हणजे चाळीस अंशांनी बारा टक्के गेलेच. इथे टँडम थोडा सरस आहे, त्याची घसरण कमी असते. पण त्याचं दुसरं एक दुखणं आहे. दोन टोकांच्या टँडममध्ये वरचा आणि खालचा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे जोताला जुंपलेल्या दोन बैलांत जो हळू चालतो त्याच्या चालीने नांगर चालावा तसा प्रवाह दोघांपैकी कमी देणाऱ्यावर ठरतो. प्रयोगशाळेच्या दिव्याखाली दोघांचं जमवून घेतलेलं असतं. सकाळ-संध्याकाळी प्रकाश तांबूस होतो, ढगाखाली निळसर. कोकणातले चार महिने ढगांचेच. त्या प्रकाशात वर्षभराचा टँडमचा हिशेब मथळ्यापेक्षा खाली येतो. किती खाली, ते पॅनेलच्या बांधणीवर आणि जागेवर अवलंबून आहे.

आता मूळ दुखणं: टिकाऊपणा. इथे जरा थांबतो, कारण तुमचा निर्णय माझ्या दृष्टीने इथेच होतो.

सिलिकॉन स्वतः जवळपास अमर आहे. पॅनेल खराब होतो तो भोवतालच्या गोष्टींमुळे: प्लॅस्टिकचा थर पिवळा पडतो, सोल्डर सुटतो, मागचा पापुद्रा फाटतो. पेरोव्हस्काइटमध्ये शोषक पदार्थच हळवा. सुरुवातीच्या प्रकारात मिथिलअमोनियम नावाचा सेंद्रिय घटक असायचा. ओल आणि उष्णता लागली की तो निघून जातो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. आमच्याकडे पावसाळ्यात एखादा सेल पेटीबाहेर विसरला तर त्याचा काळा रंग उतरून पिवळा झालेला दिसायचा, मोजायची गरजच नसायची. आता सिझियम आणि फॉर्मॅमिडिनियम वापरून हे बरंच सुधारलंय. ओलीवर दोन काचांमध्ये घट्ट बंद करणं हा उपाय आहे. पण प्रकाश आणि उष्णता तर आत जाणारच. या पदार्थातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, जागचे हलतात, विजेच्या दाबाखाली सरकतात. टँडमच्या वरच्या थरासाठी ब्रोमाइड आणि आयोडाइड मिसळावे लागतात, आणि प्रकाशात ही दोघं वेगळी होऊन आपापले घोळके करतात. सरकणाऱ्या आयनांमुळे मोजणीतही घोळ व्हायचा: व्होल्टेज चढवत मोजलं तर एक कार्यक्षमता, उतरवत मोजलं तर दुसरी. २०१३-१४ च्या सुमारास यावर चांगलाच गदारोळ झाला. त्यानंतर स्थिर करून मोजलेला आकडा मागायची पद्धत आली, नेचर समूहाच्या नियतकालिकांनी सोलर सेलच्या पेपरसोबत स्वतंत्र तपशीलपत्रक भरून घ्यायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून टिकाऊपणा कसा मोजायचा याचे नियम ‘आयसॉस’ या नावाने प्रसिद्ध केले. एखादं क्षेत्र स्वतःच्या आकड्यांवर असा अंकुश ठेवतं तेव्हा माझा त्यावरचा विश्वास वाढतो.

पण तास मोजून पाहा. पेपरमध्ये ‘१००० तासांनंतरही ९५ टक्के कार्यक्षमता’ असं वाक्य वारंवार दिसेल. हजार तास म्हणजे अखंड बेचाळीस दिवस. गच्चीवर दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाच्या बरोबरीचं ऊन धरलं तर पंचवीस वर्षांत पंचेचाळीस हजार तास होतात. आणि ते हजार तास कुठल्या अटींवर? २५ अंशांना, नायट्रोजनमध्ये, पांढऱ्या एलईडीखाली, की ६५-८५ अंशांना, अतिनील धरून, जास्तीत जास्त शक्तीच्या बिंदूवर चालवत? पहिल्या आणि दुसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सिलिकॉन पॅनेलला बाजारात यायला आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकातून जावं लागतं. त्यात ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास, शिवाय उणे ४० ते अधिक ८५ अंशांची दोनशे आवर्तनं असतात. पेरोव्हस्काइटचे काही पॅनेल ही परीक्षा पास होऊ लागलेत. मात्र ही परीक्षा सिलिकॉनच्या दुखण्यांवरून बेतलेली आहे. दमट उष्णतेची चाचणी अंधारात होते, आणि पेरोव्हस्काइट बिघडतो तो उजेड आणि उष्णता एकत्र आल्यावर, दिवसा प्रकाश आणि रात्री अंधार या फेऱ्यांत. सिलिकॉनमध्ये हजार तासांची चाचणी मैदानावरच्या किती वर्षांशी जुळते याचा काही अंदाज आहे, कारण तीस-चाळीस वर्षं उन्हात काढलेले पॅनेल आपण उघडून पाहिलेत. पेरोव्हस्काइटचे वीस वर्षं जुने पॅनेल जगात नाहीत, असूच शकत नाहीत. त्यामुळे कुणी पंचवीस वर्षांची हमी लिहून दिली तरी तिच्यामागे अनुभव नसतो, गणित असतं. मोठ्या प्रकल्पाला ती जोखीम परवडते. त्यांच्याकडे विमा आहे, वकील आहेत, बदलायला माणसं आहेत. तुम्ही सेवानिवृत्तीच्या पैशातून बसवताय.

त्यात तुमची जागा. खारं वारं, आर्द्रता आणि माडाच्या झावळ्यांची हलती सावली. सावलीबद्दल मुद्दाम सांगतो. सावलीतल्या सेलवर बाकीचे सेल उलटा दाब टाकतात. सिलिकॉन पॅनेलमध्ये त्यासाठी बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला वळसा देणारे भाग, असतात आणि सेल बराच उलटा दाब सोसतो. पेरोव्हस्काइटचा सेल काही व्होल्टलाच कायमचा दुखावू शकतो. टँडममध्ये खालचा सिलिकॉन त्याला बराच सांभाळून घेतो असं दिसतंय, पण माडाखालच्या गच्चीवर प्रयोगाचा पहिला मान तुम्ही घ्यावा असं मला वाटत नाही.

शिशाचं म्हणाल तर थर इतका पातळ असतो की चौरस मीटरला एक ग्रॅमपेक्षाही कमी शिसं बसतं. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलच्या सोल्डरमध्येही शिसं असतंच, हे सहसा कुणी सांगत नाही. फरक असा की पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात जास्त सहज उतरतं, म्हणून काच फुटल्यावर पावसात काय होतं हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर शिसं धरून ठेवणारे थर घालायचं काम चालू आहे. विहिरीजवळ फुटका पॅनेल टाकून ठेवू नये, एवढी काळजी कुठल्याही पॅनेलला लागू.

मग हे संशोधन गच्चीवर येतं तरी कधी? इतिहास पाहिला तर बरंच कळतं. तुमच्या कोटेशनमध्ये ‘मोनो पर्क’ लिहिलं असेल तर ती रचना ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात काढली. १९८९ मध्ये त्यांनी तिचा २२.८ टक्क्यांचा सेल प्रसिद्ध केला. कारखान्यांत ती सर्रास व्हायला २०१० चं दशक उजाडलं. ‘टॉपकॉन’ लिहिलं असेल तर ती जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१३ च्या सुमारास मांडली आणि दहाएक वर्षांत बाजारावर आली. म्हणजे वेग वाढलाय, हे खरं. पण त्या दोन्ही सिलिकॉनवरच्याच सुधारणा होत्या. मुलाला हेही सांगा की तो ज्याला ‘जुने पॅनेल’ म्हणतोय ते चाळीस वर्षांच्या संशोधनाचंच फळ आहे, फक्त त्याची बातमी आता होत नाही.

आता पैशाचा हिशेब. तीन किलोवॅटची यंत्रणा, चांगल्या कामासह, दोन लाखांच्या आसपास धरू, कोटेशनप्रमाणे वर-खाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. खिशातून सव्वा लाख. कोकणात पावसाळा धरून किलोवॅटमागे दिवसाला सरासरी साडेतीन ते चार युनिट मिळतील, म्हणजे महिन्याला साधारण तीनशे पंधरा ते तीनशे साठ. तुमचा वापर जवळपास तेवढाच आहे. स्थिर आकार वगैरे राहतातच, तरी वर्षाला तीस हजार वाचायला हरकत नाही. चार वर्षं थांबलात तर सव्वा लाखाच्या आसपास महावितरणला जातील, म्हणजे आत्ताच्या यंत्रणेसाठी खिशातून जाणारी जवळपास सगळी रक्कम. उद्या टँडम पॅनेल फुकट वाटले तरी एकूण खर्चात पॅनेलचा वाटा अर्ध्याहून कमी असतो. बाकी पैसा इन्व्हर्टर, सांगाडा, केबल, अर्थिंग आणि मजुरीचा. त्यात हे अनुदान सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असतील तरच मिळतं, आणि योजनेची मुदत २०२६-२७ आर्थिक वर्षापर्यंत आहे. बाहेरून आलेला टँडम पॅनेल त्यात बसणार नाही.

थांबणं कधी बरोबर? वर मजला चढवायचा असेल, स्लॅब गळत असेल आणि वॉटरप्रूफिंग बाकी असेल, किंवा दहा ते तीन या वेळात गच्चीवर माडांची सावलीच असेल, तर थांबा. पण ती कारणं पेरोव्हस्काइटची नाहीत. महिन्याला शंभराच्या आत युनिट जाळणाऱ्याला तर मी घाई करू नका असंच सांगतो, त्याची परतफेड फार लांबते. आणि गच्ची इतकी लहान असेल की दोन किलोवॅटही मावत नाही, अशा माणसाला वाट पाहण्यात खरा अर्थ आहे.

तुमच्या यंत्रणेचं भविष्य टक्क्यांपेक्षा बसवणाऱ्याच्या हातावर जास्त ठरेल. आयआयटी मुंबईतलं एनसीपीआरई हे सौर संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी २०१३ पासून देशभर हिंडून बसवलेल्या पॅनेलांची पाहणी केली. त्यात उष्ण प्रदेशातले पॅनेल लवकर उतरतात हे अपेक्षित होतंच. पण छोट्या आणि छतावरच्या यंत्रणा मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त वेगाने खालावलेल्या आढळल्या. माझ्या रोजच्या कामातही तेच दिसतं. मजूर पॅनेलवर पाय देऊन चढतात, वरून काही दिसत नाही, पण रात्री विजेचा प्रवाह सोडून कॅमेऱ्याने पाहिलं की आत झाडाच्या फांद्यांसारख्या चिरा दिसतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खोचलेले असतात. ते तापतात आणि एक दिवस वितळतात. समुद्रकाठी साध्या रंगवलेल्या लोखंडाचा सांगाडा दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो.

म्हणून कोटेशन देणाऱ्याला टक्के विचारू नका. पॅनेलला आयईसी ६१७०१, म्हणजे खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइझ्ड आहे का, त्यावर जस्ताचा थर किती मायक्रॉनचा, नटबोल्ट स्टेनलेसचे आहेत का, हे लिहून घ्या. वाऱ्याचा कुठला वेग धरून सांगाडा बेतलाय ते विचारा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते तुमच्या किनाऱ्याने पाहिलंय. सांगाडा अडकवायला स्लॅबला भोकं पाडणार असतील तर ती कशी बंद करणार ते आधी ठरवा. दोन काचांचा पॅनेल मिळत असेल तर तुमच्या हवेला तो घ्या, थोडा जड असतो पण ओल कमी शिरते. आणि इन्व्हर्टर भिंतीला सावलीत लावा. तो दहा-बारा वर्षांत बदलावा लागेल, आणि टँडमचा विचार करायची योग्य वेळ तीच: तोवर त्या पॅनेलांना मैदानावर दहा वर्षं झाली असतील.

मुलाला माझा वेगळा निरोप आहे, कारण बातम्या वाचण्यात त्याची चूक नाही, फक्त चाळणी हवी. पुढची बातमी आली की त्याने चार गोष्टी शोधाव्यात: सेल की पॅनेल, क्षेत्रफळ किती, मापन त्रयस्थ संस्थेने केलंय की स्वतःच्याच प्रयोगशाळेत, आणि टिकाऊपणाचे तास कुठल्या तापमानाला. ग्रीन यांच्या पुढाकाराने दर सहा महिन्यांनी ‘प्रोग्रेस इन फोटोव्होल्टाइक्स’मध्ये विक्रमांचे तक्ते छापून येतात, तिथे यातल्या पहिल्या तीन गोष्टी एका ओळीत मिळतात. चौथीसाठी पेपरच उघडावा लागतो, आणि बहुतेकदा पुरवणीच्या पानांपर्यंत जावं लागतं. पीएच.डी.चा विचार असेल तर टक्के वाढवण्याच्या शर्यतीत न पडता ६५ अंशांना उजेड-अंधाराच्या फेऱ्यांत हे सेल नेमके कसे मरतात ते त्याने पाहावं. त्या कामाला भारतासारखं ऊन आणि कोकणासारखी हवा युरोपातल्या प्रयोगशाळांना मिळत नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात त्याला नमुन्यांसाठी दोन फूट जागा ठेवा. सांगाडा उभा करतानाच एक जादा पट्टी लावून घेतलीत तर नंतर भोकं पाडावी लागणार नाहीत.